हात हलणारच, बोटाकडे बघा

प्रश्न असा आहे: "तीन महिने झाले, दहा मीटर एअर पिस्तूल मारतोय, उजव्या हाताने. हात स्थिर राहत नाही. छर्रे बरेचसे खाली डावीकडे जातात. मध्येच सुरेख टेन लागतो आणि पुढचाच पाचात. हात बळकट करायला डंबेल मारू का? साइट फिरवून घेऊ का? की क्लबचं पिस्तूल सोडून स्वतःचं घेऊ?"

तिन्हींना माझं आजचं उत्तर 'नाही' असंच आहे. डंबेल पुढे कधीतरी, साइट (नळीवरची नेम धरायची पुढची-मागची खूण) महिन्याभराने, पिस्तूल सगळ्यात शेवटी. हात हलतोय ही तुमची अडचणच नाही. माझाही हलतो, इतकी वर्षं मारूनही हलतो. ऑलिंपिकच्या फायनलला उभ्या राहणाऱ्यांचाही हलतो, फक्त कमी आणि एका लयीत.

आधी थोडा हिशेब करू, म्हणजे पुढचं सगळं पटेल. दहा मीटरच्या टार्गेटवर टेनच्या, म्हणजे मधल्या दहा गुणांच्या रिंगचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्‍याची कड रिंगला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून साधारण 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी तो टेनच. आता समजा तुमचा अख्खा हात पिस्तुलासकट 5 मिलिमीटर डावीकडे सरकला, पण पुढची साइट मागच्या खाचेत अगदी बरोबर बसलेली आहे. नळी टार्गेटला सरळच आहे, फक्त बाजूला सरकली आहे. छर्राही 5 मिलिमीटरच सरकणार. टेन!

दुसरी गोष्ट घ्या. हात जागेवर आहे, पण चाप ओढताना मनगट जरासं वळलं आणि पुढची साइट खाचेत 1 मिलिमीटर डावीकडे झुकली. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण 35 सेंटिमीटर आणि टार्गेट 10 मीटरवर. ती 1 मिलिमीटरची चूक तिथे पोचेपर्यंत जवळजवळ 29 मिलिमीटरची होते. सातची रिंग. अर्धा मिलिमीटर झुकली तरी नऊ. तुमच्या डोळ्याला जी थरथर दिसते आणि जिची तुम्हाला भीती वाटते ती बहुतेक पहिल्या प्रकारची असते. तुमचे गुण खाणारी मात्र दुसर्‍या प्रकारची, आणि ती तुम्हाला दिसतही नाही, कारण त्या क्षणी तुम्ही टार्गेटकडे बघत असता.

यातून दोन कामं निघतात. साइट सरळ ठेवायची, आणि ती न हलवता चाप ओढायचा. बाकी सगळं, म्हणजे उभं राहणं, श्वास, ग्रिप (पिस्तुलाची मूठ आणि तिची पकड), या दोन कामांची सोय म्हणून आहे.

चापापासून सुरुवात करतो, कारण खाली डावीकडे जाणारे छर्रे बहुतेक वेळा तिथूनच येतात. नवशिका काय करतो? साइट काळ्या वर्तुळाखाली आली, मस्त दिसली, की मनात "आत्ता!" असं उठतं आणि बोट झटका देतं. बोट एकटं झटका देत नाही. सगळा पंजाच आवळला जातो, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. उजव्या हाताने मारणार्‍याची नळी मग खाली आणि डावीकडे वळते. बरं, हे इतक्या वेगाने होतं की मारणार्‍याला ते कळतच नाही. तो शपथेवर सांगतो की साइट बरोबर होती. खोटं बोलत नसतो तो, "आत्ता!" म्हणेपर्यंत ती बरोबरच होती.

मीही अशी शपथ घेतलेली आहे. शिकत असताना जवळजवळ वर्षभर माझा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, सात वाजण्याच्या दिशेला जायचा आणि मी साइटला दोष द्यायचो. एकदा सर म्हणाले, आज .22चं, काडतुसाचं पिस्तूल मार, गोळी मी भरतो. तू फक्त समोर बघ आणि चाप ओढ. पहिल्या दोन गोळ्या नेहमीसारख्या सुटल्या. तिसर्‍या वेळी चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. डमी होती, आत दारूच नाही. आवाज नाही, धक्का नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत नळी चांगली बोटभर खाली गेली, जणू कोणी वरून टपली मारली. शेजारच्या लेनमधला मुलगा हसला. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी चौथी गोळी भरली, खरी की डमी ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी साइटला हात लावला नाही. काडतुसाच्या पिस्तुलावर शिकणार्‍याने हा प्रयोग प्रशिक्षकाकडून जरूर करून घ्यावा. धक्का येणार या धास्तीने हात आधीच खाली दाबला जातो, ते दुसर्‍या कशानेही इतकं स्वच्छ दिसत नाही. एअर पिस्तुलाला धक्का नावापुरता, पण "आत्ता!"चा रोग तिथेही तोच.

उपाय असा. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाच्या चापाचं वजन किमान 500 ग्रॅम असावं लागतं. बहुतेक पिस्तुलांत ते दोन टप्प्यांत विभागलेलं असतं. पहिला टप्पा मोकळा, बोट थोडं मागे येतं आणि एका भिंतीला टेकतं. ही भिंत नेम पूर्ण लागण्याआधीच गाठायची. हात खाली उतरवत काळ्याच्या खाली आलात की पहिला टप्पा संपलेला असला पाहिजे. मग भिंतीवर दाब हळूहळू वाढवत न्यायचा, साइट हलत असतानाच. ती थांबायची वाट बघायची नाही, कारण ती थांबत नसते. दाब वाढत राहतो आणि शॉट कधीतरी सुटतो. नेमका कधी, हे पहिले काही महिने तुम्हाला माहीत नसलं तर उत्तम. पुढे सरावाने तो क्षण तुमच्या ताब्यात येतो, पण तो घाईने मागितलात तर पंजा पुन्हा आवळला जाईल.

बोटाचा कुठला भाग चापावर? पहिल्या पेराचा मध्य. बोटाचा मागचा भाग ग्रिपच्या लाकडाला टेकता कामा नये, टेकला की बोट मागे येताना लाकडालाही ढकलतं. ग्रिप आणि बोट यांच्यात कागद सरकेल एवढी फट दिसली पाहिजे. आरशासमोर नाही तर मित्राकडून तपासून घ्या, स्वतःला नीट दिसत नाही.

ग्रिपबद्दल लोक फार बोलतात. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: दर वेळी तशीच. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी पिस्तुलाच्या मागे जितकी वर बसेल तितकी बसवा. नळीची रेषा आणि हाताची रेषा शक्य तेवढी एक व्हावी. दाब पुढून मागे, म्हणजे मधली बोटं ग्रिपला तळव्याकडे ओढतात. अंगठा नुसता टेकलेला, तो दाबायला लागला की नळी बाजूला जाते. मनगट मात्र घट्ट, त्यात ढिलाई नको. किती जोर लावायचा? हात थरथरायला लागेपर्यंत आवळा, मग थरथर थांबेपर्यंत सोडा. तिथेच थांबा. आणि शॉट सुटेपर्यंत हा दाब बदलायचा नाही, वाढायचाही नाही, कमीही व्हायचा नाही. बदलतं फक्त एक बोट. ऐकायला सोपं आहे, पण पंजातली चार बोटं गप्प ठेवून पाचवं हलवणं शरीराला मुळीच आवडत नाही. पेला उचलताना सगळी बोटं एकत्र आवळायची सवय आपल्याला जन्मापासूनची.

आता डोळा. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट अशी तिन्ही एकदम स्पष्ट दिसायचा प्रश्नच नाही. स्पष्ट दिसली पाहिजे ती पुढची साइट. तिची वरची कड धारदार, दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन सारख्या फटी, आणि माथा मागच्या साइटच्या माथ्याशी समतल. टार्गेट तुम्हाला राखाडी, भिजल्यासारखं दिसलं की समजा काम बरोबर चाललंय. सुरुवातीला हे मनाविरुद्ध जातं, कारण मारायचं टार्गेटला आणि बघायचं दुसरीकडेच. वरचा 29 मिलिमीटरचा हिशेब तेव्हा आठवा.

म्हणूनच पिस्तूलवाले काळ्याच्या मधोमध नेम धरत नाहीत. काळ्या वर्तुळाखाली पांढरी जागा सोडून, त्या पांढर्‍यात साइट ठेवतात. काळी साइट काळ्यात नेली की तिची कडच हरवते. साइट अशी जुळवलेली असते की नेम खाली आणि छर्रा मध्यात. ती पांढरी फट किती, यावर जीव टाकू नका. फट रोज थोडी इकडेतिकडे होते आणि त्याने फार बिघडत नाही. फट मोजायला गेलात की नजर टार्गेटवर गेलीच.

दुसरा डोळा मिटू नका. मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावर येतो आणि पंधरा मिनिटांत साइट धूसर व्हायला लागते. चष्म्याला किंवा टोपीला पांढर्‍या, अर्धपारदर्शक कागदाची छोटी पट्टी लावा, 30 मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. काळी नको, डोळ्यात प्रकाश जाऊ दे. पॅरिसला 2024 मध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचने दोन्ही डोळे उघडे ठेवून, साध्या चष्म्याने मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं आणि त्याचा फोटो जगभर फिरला. तो बघून बरेच नवशिके पट्टी काढून टाकतात. त्याच्यामागे त्याची वर्षानुवर्षांची सवय आहे, तुमच्यामागे तीन महिने आहेत. पट्टी राहू दे.

त्याच फोटोत लोकांना दिसलेला खिशातला हात मात्र काही ऐट नव्हती. मोकळा हात लोंबकळत ठेवला तर तो खांद्याला हलवतो, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा. एअर पिस्तूलवाले बहुतेक सगळेच असं करतात.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. पाय खांद्याएवढे फाकवून, वजन दोन्हींवर सारखं, गुडघे ताठ पण मागे ताणलेले नाहीत. टार्गेटला किती आडवं उभं राहायचं ते तुमचं शरीर सांगेल. डोळे मिटून हात वर करा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या डावीउजवीकडे दिसली तर हात वळवू नका, मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. डोळे उघडल्यावर साइट आपोआप टार्गेटखाली दिसेपर्यंत हे करायचं. हात वळवून नेम धरलात तर स्नायू सतत त्याला मूळ जागी ओढत राहतात आणि चाप ओढण्याच्या क्षणी नेमके जिंकतात. दर सत्राच्या सुरुवातीला हे करा, मधे पाणी प्यायला गेलात तर आल्यावर पुन्हा करा.

श्वासाचं गूढ कोणी फार वाढवून सांगितलं तर लक्ष देऊ नका. हात वर नेताना श्वास आत, खाली आणताना अर्धा बाहेर, तिथे थांबा. नेम बसल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. नाही सुटला तर हात खाली घ्या, पिस्तूल टेबलावर टेकवा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. नवशिका इथेच हट्टाला पेटतो. बारा सेकंद झाले, साइट धूसर झाली, हात जड झाला, तरी "आता इतका वेळ धरलाय तर" म्हणून ओढतो. तुमच्या टेननंतरचा तो पाच बहुधा असाच आला असणार. सामन्यात इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 60 शॉटला 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. हात खाली घ्यायला भरपूर वेळ आहे. एका सत्रात किती वेळा हात खाली घेतला हे मी विद्यार्थ्यांना मोजायला सांगतो. शून्य उत्तर आलं तर मला काळजी वाटते.

शॉट सुटल्यावर लगेच मान वर करून "कुठे लागला?" बघू नका. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात, आणि मान वर करायची तयारी शरीर त्याच्या आधीच सुरू करतं. चाप मागेच ठेवा, साइट जिथे आहे तिथे परत बसवा, एक-दोन सेकंद थांबा. आणि टार्गेट किंवा स्क्रीन बघण्याआधी मनात बोला: कुठे गेला असेल? "जरा उजवीकडे, नऊ." मग बघा. अंदाज आणि छर्रा जुळायला लागले की तुम्ही खरोखर साइट बघताय. जुळत नसतील तर शॉट सुटताना तुम्ही दुसरंच काही बघत होता.

हे सगळं शिकायचं कुठे? छर्‍याशिवाय. ड्राय प्रॅक्टिस. बहुतेक मॅच एअर पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते. समोर कोरी पांढरी भिंत, टार्गेट नाही. साइट सरळ, चाप ओढला, साइट हलली का? एवढंच बघायचं. टार्गेट नसल्यामुळे "आत्ता!" म्हणायला कारणच उरत नाही. नळीवर नाणं आडवं ठेवून करून बघा, पडलं तर बोटाने झटका दिला. रोज पंधरा मिनिटं, तीसएक शॉट, पण प्रत्येक लक्ष देऊन. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण आठवड्यातून एकदा दोनशे छर्रे उडवणार्‍यापेक्षा हा माणूस पुढे जातो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. .22च्या पिस्तुलावर करायचं असेल तर डमी काडतूस घातल्याशिवाय नको, बर्‍याच पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

ड्राय प्रॅक्टिसचं नाव काढलंच आहे तर इथे मी आवाज चढवतो. "रिकामं होतं" हे वाक्य अपघातानंतरच ऐकू येतं. पिस्तूल हातात घेतलं की आधी उघडून डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. दुसर्‍याने बघून दिलं असलं तरी स्वतः पुन्हा. छर्रे आणि काडतुसं दुसर्‍या खोलीत. नळी कायम अशा दिशेला की सुटलंच तर कोणाला लागणार नाही, आणि भिंतीपलीकडे कोण आहे हे माहीत असलं पाहिजे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. रेंजवर पिस्तूल टेबलावर ठेवलं की उघडं आणि सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) आत. कोणी पुढे गेलं असेल तर कुठल्याही पिस्तुलाला हात लावायचा नाही, साइट पुसायलासुद्धा नाही. डोळ्यांवर गॉगल, काडतुसाच्या रेंजवर कानांवरही संरक्षण. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव संपला की काही खाण्याआधी साबणाने हात धुवा. याची टिंगल करणार्‍याच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहत नाही.

आता साइट फिरवण्याचं. एका छर्‍यावरून साइट कधीच फिरवायची नाही, पाचांवरूनही नाही. टार्गेट उलटं लावा, मागची कोरी बाजू समोर. तिच्या मधोमध दहा मारा. ग्रुप कुठे आहे ते सोडा, केवढा आहे ते बघा. तळहाताएवढा पसरला असेल तर साइट कुठेही फिरवली तरी तो पसरलेलाच राहणार. लहान आणि गोल झाला आणि चार-पाच सत्रं एकाच जागी बाजूला पडत राहिला, तर मग साइटला हात लावा. तुमच्या आजच्या ग्रुपला साइट वर-उजवीकडे फिरवून मध्यात आणलंत, तर ज्या दिवशी बोट सुधारेल त्या दिवशी सगळे छर्रे वर उजवीकडे जातील आणि तुम्ही पुन्हा साइट फिरवाल. असा वर्षभर फिरलेला माणूस मी आरशात पाहिलाय.

रेंजच्या भिंतीवर चिकटवलेला तो गोल तक्ता तुम्ही पाहिला असेल, "इथे लागला तर ही चूक" सांगणारा. तो एका हाताने मारणार्‍या उजव्या नेमबाजासाठी आहे. दोन हातांनी मारणार्‍याला तो बराचसा गैरलागू, आणि एका हातालाही एका जागी जाणार्‍या छर्‍याची तीन कारणं असू शकतात. अंदाजापुरता ठीक, निदान म्हणून नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तपासून घ्या. दोन्ही हात लांब करून अंगठे-तर्जन्यांची छोटी खिडकी करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीत दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. तो डावा निघाला आणि तुम्ही उजव्या हाताने मारत असाल तर मान विचित्र वळते. त्यावर पट्टीने, ग्रिप बदलून किंवा हात बदलून मार्ग निघतो. तीन महिन्यांत हात बदलणं काही मोठं नाही. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. त्याने डाव्याने शिकून 1948 आणि 1952 अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं.

डंबेल मारायचेच असतील तर माराच, तब्येतीला चांगले. पण नेमबाजीसाठी मी त्याऐवजी पिस्तूलच नेमावर धरायला सांगतो. वीस सेकंद धरा, चाळीस सेकंद विश्रांती, असं दहा वेळा, चाप न ओढता, नजर पुढच्या साइटवर. महिन्याभरात साठाव्या शॉटला हात पहिल्यासारखाच वाटायला लागतो.

आणि स्वतःचं पिस्तूल घ्यायची वेळ आली की आधी ग्रिप बघा, बाकीचं नंतर. हातात धरून डोळे मिटा, हात वर करा, डोळे उघडा. साइट सरळ दिसली तर ते तुमच्या हाताचं. थोडीशी वाकडी दिसली तरी हरकत नाही, लाकडी ग्रिप घासून आणि पुट्टी भरून हाताला बसवता येते. माझ्या ग्रिपला तळव्याच्या खळग्यात पुट्टीचा एक ओबडधोबड गोळा आहे, अकरा वेळा घासला आणि पुन्हा भरला. दिसायला अगदीच वाईट आहे, पण हात तिथे डोळे मिटून बसतो.